खेळातील अनभिप्रेत क्लृप्त्या आणि नियमकर्त्यांचा अधिकार : संगणकीय खेळांच्या संदर्भात एक विवेचन

प्रस्तावना

१ जानेवारी २०२३ रोजी ब्रिस्बेन येथे झालेल्या बिग बॅश लीगच्या सामन्यात मायकेल नेसर या क्षेत्ररक्षकाने घेतलेला झेल क्रिकेटजगतात बराच चर्चिला गेला. सीमारेषेच्या आत चेंडू हाती आला, परंतु धावण्याच्या वेगात तोल बाहेर जात आहे हे लक्षात येताच नेसरने तो वर उडवला. चेंडूही रेषेबाहेर आला. तेव्हा नेसरने बाहेरच्या जमिनीवरून उडी घेतली, अधांतरी असतानाच चेंडू पुन्हा मैदानात ढकलला आणि आत येऊन झेल पूर्ण केला. बाहेरच्या जमिनीला पाय टेकलेले असताना चेंडूला स्पर्श झाला नव्हता. त्यामुळे फलंदाज जॉर्डन सिल्क नियमानुसार बाद ठरला. ज्यांनी हा नियम लिहिला त्यांच्या मनात असा झेल असण्याची शक्यता फारच कमी. अखेर २०२५ मध्ये मेरिलबोन क्रिकेट क्लबने या प्रकाराला 'बनी हॉप', म्हणजे सशाची उडी, असे संबोधून तो बंद करण्याचे ठरविले. रेषेबाहेर अधांतरी असलेल्या क्षेत्ररक्षकाने चेंडूला एकदाच स्पर्श करावा व त्यानंतर मैदानाच्या आतच उतरावे, अशी ही दुरुस्ती आहे. आंतरराष्ट्रीय सामन्यांच्या अटींमध्ये ती जून २०२५ पासून आली. मूळ नियमावलीत तिचा समावेश ऑक्टोबर २०२६ पासूनचा.

योगायोग असा की, 'बनी हॉप' हीच संज्ञा संगणकीय खेळांच्या जगात पंचवीसहून अधिक वर्षे प्रचलित आहे आणि तेथेही ती अशाच एका प्रकाराला लावली जाते. खेळ घडविणाऱ्याला जे अभिप्रेत नव्हते, नियमांच्या वा आज्ञावलीच्या फटीतून जे आपोआप उगवले, खेळाडूंना जे गवसले आणि त्यांनी परिश्रमाने ज्याचे कौशल्यात रूपांतर केले, अशा गोष्टीला प्रस्तुत लेखात 'अनभिप्रेत क्लृप्ती' असे म्हटले आहे. अशा क्लृप्त्या वर्षानुवर्षे रूढ झाल्यानंतर निर्माते त्या काढून टाकतात आणि खेळाडू नाराज होतात, हे आता नित्याचे झाले आहे. वरवर पाहता हा पोरांच्या खेळातला वाद वाटतो. परंतु आपल्या महाविद्यालयांच्या वर्गांत बसणारा विद्यार्थी ज्या खेळांत दिवसाचे दोन-तीन तास घालवतो, त्या खेळांचे नियम कोण ठरवते आणि ते बदलताना त्याला कोणी विचारते काय, हा प्रश्न मनोरंजनापुरता मर्यादित राहत नाही. ठाणे आणि कल्याण-डोंबिवली परिसरातील खेळण्याच्या बदलत गेलेल्या पद्धती डोळ्यांसमोर ठेवून या प्रश्नाचा येथे परामर्श घेतला आहे.

क्लृप्तीचा जन्म

संगणकीय 'सशाच्या उडी'चे उदाहरण थोडे तपशिलात पाहणे आवश्यक आहे, कारण त्यावाचून 'चूक' आणि 'क्लृप्ती' यांतील नाते उलगडत नाही. १९९६ मध्ये अमेरिकेतील 'इड सॉफ्टवेअर' या कंपनीचा 'क्वेक' हा खेळ प्रसिद्ध झाला. त्यातील पात्राच्या धावण्याला ३२० एककांची मर्यादा होती. पात्र हवेत असताना मात्र आज्ञावली वेगळा हिशेब करी. खेळाडूने ज्या दिशेची कळ दाबली असेल, त्या दिशेतील वेगाचा घटक तेवढा ती तपासत असे. तो ३० एककांहून कमी भरला तर त्यात ३० पर्यंत भर घालण्यात येई. एकूण वेग किती झाला याची चौकशी कोठेच नव्हती.

आता समजा, पात्र सरळ पुढे ३२० च्या वेगाने जात आहे आणि खेळाडूने काटकोनातील दिशेची कळ दाबली. त्या दिशेतील घटक शून्य असल्यामुळे ३० ची भर पडते आणि पायथागोरसच्या सिद्धान्तानुसार नवा वेग सुमारे ३२१.४ होतो. वाढ दीड एककाहूनही कमी. परंतु पडद्यावरील चित्र सेकंदाला कित्येक डझन वेळा नव्याने काढले जाते आणि प्रत्येक वेळी हा हिशेब पुन्हा होतो. खेळाडूने माऊस हळूहळू वळवत आपली दिशा सतत काटकोनाच्या जवळपास राखली, तर हे थेंब साचत जातात. जमिनीवर पाय टेकला की घर्षण लागू होते. म्हणून टेकता क्षणीच पुन्हा उडी. अशा रीतीने सशासारख्या उड्या मारत जाणारे पात्र ठरवून दिलेली मर्यादा सहज ओलांडते. अकरावीच्या पदार्थविज्ञानातील सदिशांच्या प्रकरणासाठी याहून चांगले उदाहरण शोधूनही सापडणार नाही.

ध्यानात घेण्याजोगी गोष्ट ही की, येथे आज्ञावलीने काहीही चुकीचे केलेले नाही. तिला जे सांगितले होते तेच तिने केले. सांगणाऱ्याला जे सांगायचे होते आणि त्याने जे सांगितले, यांमध्ये अंतर होते एवढेच. ते अंतर शोधून काढायला कोणी गणिती बसला नव्हता. हजारो मुले रात्रंदिवस खेळत होती; त्यांच्या बोटांना ते सापडले.

या क्लृप्त्यांचा इतिहास पाहता, कित्येक खेळांचा आजचा चेहरामोहराच त्यांनी घडविला आहे असे दिसते. जपानच्या 'कॅपकॉम' कंपनीचा 'स्ट्रीट फायटर २' हा खेळ १९९१ मध्ये आला. त्यातील मोटार फोडण्याच्या जादा फेरीची चाचणी घेताना निर्माते नोरिताका फुनामिझू यांच्या लक्षात आले की, एका प्रहारात दुसरा प्रहार इतक्या चपळाईने मिसळता येतो की प्रतिस्पर्ध्याला मध्ये हालचाल करायला अवधीच उरत नाही. ही गोष्ट फारच थोड्यांना साधेल, असे समजून ती तशीच राहू देण्यात आली. प्रहारांच्या या साखळ्या पुढे 'कॉम्बो' या नावाने साऱ्या द्वंद्वखेळांचा आधार बनल्या. फुनामिझू यांनी त्या दिवशी 'दोष' म्हणून ती फट बुजविली असती तर काय झाले असते, याचा विचार करून पाहावा.

ठाणे ते कल्याण : यंत्रे बदलली, अधिकारही बदलला

या परिसरात व्हिडिओ गेम प्रथम आले ते स्टेशनलगतच्या पार्लरांतून आणि घरोघरच्या दूरचित्रवाणी संचाला जोडायच्या स्वस्त खेळयंत्रांतून. नव्वदच्या दशकात ठाणे, कल्याण वा डोंबिवलीत वाढलेल्या आणि आज प्राध्यापकपदावर असलेल्या अनेकांना नाणे टाकून खेळायचा 'मुस्तफा' आठवत असेल. 'कॅडिलॅक्स अँड डायनोसॉर्स' हे त्याचे मूळ नाव भारतात क्वचितच कोणी उच्चारले. त्यातील एका पात्राच्या नावानेच १९९३ चा हा खेळ येथे ओळखला गेला. घरच्या यंत्रावर 'कॉन्ट्रा' आणि 'मारिओ' असत. 'कॉन्ट्रा'मध्ये वर-वर, खाली-खाली अशा क्रमाने कळा दाबल्या की तीस जीव मिळत, ही विद्या एका इमारतीतून दुसऱ्या इमारतीत तोंडीच पसरली. या संकेताचे मूळही मनोरंजक आहे. काझुहिसा हाशिमोतो यांनी १९८६ च्या 'ग्रेडियस' या खेळाची चाचणी घेणे स्वतःला सोपे जावे म्हणून तो आज्ञावलीत घातला होता. निर्मात्याच्या सोयीची वस्तू अशी खेळाडूंच्या हाती गेली.

पार्लरातील यंत्र किंवा घरातील कॅसेट यांचे एक वैशिष्ट्य होते. एकदा ती कारखान्यातून बाहेर पडली की निर्मात्याचा तिच्याशी संबंध संपे. कॅसेटमधील चूक ही कॅसेट टिकेतोवर टिके. एखादी क्लृप्ती सापडली तर ती सापडणाऱ्याची झाली; जपानमधून येऊन कोणी ती काढून नेऊ शकत नव्हते.

२००० नंतर चित्र पालटले. स्टेशनांच्या दोन्ही बाजूंना सायबर कॅफे उभे राहिले. तासाच्या भाड्याने संगणक मिळे आणि आठ-दहा संगणक एकमेकांना जोडून मुले 'काउंटर-स्ट्राइक' खेळत. हा खेळ 'हाफ-लाइफ' या खेळावर बेतलेला, आणि 'हाफ-लाइफ'चा गाभा 'क्वेक'च्या आज्ञावलीवरून सिद्ध झालेला. त्यामुळे सशाची उडी 'काउंटर-स्ट्राइक'मध्ये वंशपरंपरेनेच आली. 'व्हॉल्व्ह' कंपनीने २००२ मध्ये आलेल्या १.४ आवृत्तीत तिला वेसण घातली. उडी मारून उतरताच पात्र मंदावू लागले. बंदूक हाती घेऊन टुणटुण उड्या मारत जाणारा सैनिक शत्रूच्या नेमाबाहेर राहतो आणि डावपेचांच्या खेळाचा पकडापकडीचा खेळ होतो, हे निर्मात्यांचे म्हणणे असावे. आणि ते अवास्तव नव्हते.

परंतु येथे एक बारकावा आहे. आपल्याकडील अनेक कॅफेंमध्ये १.६ ही आवृत्ती २००३ नंतर एकदा बसविली गेली ती वर्षानुवर्षे तशीच राहिली. त्या प्रतींच्या कायदेशीरपणाविषयी न बोललेलेच बरे. मात्र कंपनीच्या केंद्रीय यंत्रणेशी त्या जोडलेल्या नसल्यामुळे कंपनीने पुढे काय बदलले, याच्याशी त्या कॅफेतील मुलांना कर्तव्य नव्हते. कोणती आवृत्ती ठेवायची, कोणता नकाशा लावायचा, कोणती बंदूक चालणार नाही, हे कॅफेवाला आणि तेथे बसणारी मुले मिळून ठरवत. जगभरातही असेच घडत होते. ज्यांना उड्यांचाच आनंद हवा होता त्यांनी आपले स्वतंत्र सर्व्हर उभारले, केवळ उड्या मारत पार करण्याचे नकाशे रचले. गोळीबार त्यात नावापुरताच उरला. निर्मात्याने हाकलून दिलेल्या क्लृप्तीला असे दुसरे घर मिळाले.

तिसरा टप्पा भ्रमणध्वनीचा. एप्रिल २०११ च्या नियमांनी सायबर कॅफेंना ओळखपत्र व नोंदवहीचे बंधन घातले खरे. पण कॅफे ओस पडले ते मुख्यतः स्मार्टफोनमुळे. आज कल्याणहून सुटणाऱ्या धिम्या लोकलमध्ये पाहावे. रमीचे डाव अजून अधूनमधून दिसतात, पण बहुतेक माना फोनवर झुकलेल्या असतात. कोणी 'लुडो किंग' खेळत असतो. नवी मुंबईच्या 'गेमेशन' कंपनीने २०१६ मध्ये आणलेला हा खेळ म्हणजे या पट्ट्याचेच अपत्य. कोणी 'बीजीएमआय' खेळत असतो. या खेळांत नवी आवृत्ती आली की ती उतरवून घ्यावी लागते, नाहीतर प्रवेशच मिळत नाही. काल जे चालत होते ते आज चालत नाही, आणि कालची आवृत्ती कोठेही शिल्लक नसते. २ सप्टेंबर २०२० रोजी 'पबजी' वर बंदी आली. जुलै २०२१ मध्ये तोच खेळ 'बीजीएमआय' या नावाने अवतरला, जुलै २०२२ मध्ये दुकानांतून नाहीसा झाला आणि मे २०२३ मध्ये पुन्हा आला. त्या बंदीची कारणे राजकीय व सुरक्षाविषयक होती, प्रस्तुत विषयाशी त्यांचा संबंध नाही. तिने एवढे मात्र दाखवून दिले की, खेळ फोनमध्ये असला तरी तो खेळाडूच्या मालकीचा नसतो.

काढून टाकण्यामागील कारणे

निर्मात्यांची बाजू हलक्यात घेणे योग्य नाही. काही क्लृप्त्या खेळाचा श्वासच कोंडतात. आपल्या कबड्डीचेच उदाहरण घेता येईल. आघाडीवर असलेल्या संघाने चढाईपटू पाठवायचा, त्याने निदानरेषेला पाय लावून, कोणाला न छेडता परत यायचे आणि घड्याळ पुढे ढकलायचे, ही रिकाम्या चढाईची चतुराई मैदानावर फार जुनी. नियमात तिला मज्जाव नव्हता. २०१४ मध्ये प्रो कबड्डी लीग सुरू झाली तेव्हा सलग दोन रिकाम्या चढायांनंतर तिसऱ्या चढाईत गुण मिळविलाच पाहिजे, नाहीतर चढाईपटू बाद, असा नियम करण्यात आला. या क्लृप्तीसाठी कोणी अश्रू ढाळले नाहीत. ती खेळणाऱ्याच्या फायद्याची होती, पण आनंदाची नव्हती. फायदा आणि आनंद यांतील हा फरक पुढील विवेचनात महत्त्वाचा ठरतो. (त्याच लीगमधील तीस सेकंदांच्या घड्याळाविषयी मात्र वेगळे म्हणावे लागेल. पूर्वी चढाईचा काळ चढाईपटूचा दम ठरवीत असे. दमाची ही कसोटी अनभिप्रेत नव्हती, ती तर खेळाचा प्राण होती. दूरचित्रवाणीच्या सोयीपुढे ती गौण ठरली.)

संगणकीय खेळांत सर्वसाधारणपणे दिले जाणारे कारण समान संधीचे असते. 'एपेक्स लेजेंड्स' या खेळात हवेतल्या हवेत एकदम दिशा बदलण्याची 'टॅप स्ट्रेफिंग' नावाची क्लृप्ती रूढ झाली होती. ती कळफलकावर साधते, हाती धरायच्या नियंत्रकावर सहजी साधत नाही. शिवाय समोरच्याला तिचा अंदाज बांधता येत नाही. या कारणांस्तव २०२१ च्या ऑगस्टमध्ये 'रिस्पॉन' या निर्मात्या कंपनीने ती काढणार असल्याचे जाहीर केले. मग उपायाचे अनपेक्षित दुष्परिणाम दिसल्यामुळे तो पुढे ढकलला. जानेवारी २०२५ मध्ये पुन्हा तिच्यावर बंधन आणले गेले आणि खेळाडूंच्या तीव्र प्रतिक्रियेनंतर काही दिवसांतच ते मागे घ्यावे लागले.

दुष्परिणामांचा हा अनुभव नवा नाही. 'क्वेक'चे शिल्पकार जॉन कार्मॅक यांनी १९९९ मध्ये, 'क्वेक ३' घडवीत असताना, आपल्या जाहीर कार्यनोंदीत या उड्यांविषयी परखड मत मांडले होते. हा दोषच आहे, आणि लोकांनी त्याचा कसून सराव केला म्हणून तो टिकविण्याचे समर्थन होत नाही, असा त्यांच्या म्हणण्याचा आशय. पण दुरुस्ती करून पाहिली तेव्हा साधे धावणेही बिघडल्यासारखे वाटू लागले, हेही त्यांनी प्रामाणिकपणे नोंदविले. उड्या राहिल्या. आज 'क्वेक ३' चे नाव निघते ते बहुतांशी त्या उड्यांसाठीच. कार्मॅक यांचा पहिला युक्तिवाद तर्कदृष्ट्या निर्दोष आहे. तरीही तो अपुरा आहे. सरावाने दोषाचे समर्थन होत नाही हे खरे, परंतु सरावाने दोषाचे स्वरूप बदलते. ज्या हालचालीभोवती नकाशांची जाण, प्रतिस्पर्ध्याचा अंदाज, शिकविण्याच्या पद्धती आणि स्पर्धांची परंपरा उभी राहिली, ती हालचाल आता आज्ञावलीतील एक ओळ राहत नाही. ओळ निर्मात्याची असेल. परंपरा त्याची नाही.

निन्टेन्डोच्या 'सुपर स्मॅश ब्रदर्स मेली' या २००१ च्या खेळाबाबत हेच अनुभवास आले. उडी मारून लगेच जमिनीच्या रोखाने तिरपी हुलकावणी दिली की पात्र उभ्या उभ्या घसरत जाते, या 'वेव्हडॅश'वर त्या खेळातील सारी चपळाई अवलंबून होती. २००८ च्या पुढील भागात हुलकावणीची रचना बदलली आणि घसरणे संपले. नवशिक्यांना खेळ सोपा व्हावा हा हेतू होता. निष्णात खेळाडूंपैकी अनेकजण जुन्याच खेळाला चिकटून राहिले. जुने जाडजूड दूरचित्रवाणी संच गोळा करून त्यांवर त्या खेळाच्या स्पर्धा त्यानंतरही वर्षानुवर्षे होत राहिल्या. तबकडी हातात होती, म्हणून हे शक्य झाले. लोकलमधल्या फोनवरील खेळाला हा मार्ग उपलब्ध नाही.

सामावून घेण्याचा मार्ग

बंदी आणि मोकळीक यांच्या मधला एक रस्ता आहे आणि तो अनेकदा अधिक शहाणपणाचा ठरला आहे. कॅनडातील 'डिजिटल एक्स्ट्रीम्स' या कंपनीच्या 'वॉरफ्रेम' या खेळात घसरता घसरता शस्त्र फिरविले की पात्र मैलोगणती फेकले जाई. खेळाडू या युक्तीला हेलिकॉप्टरवरून 'कॉप्टरिंग' म्हणत. ती दिसायला ओंगळ होती आणि ठरावीक शस्त्रांनाच साधत असे, पण वेगाची चटक सर्वांना लागली होती. २०१५ मध्ये कंपनीने ती काढली. परंतु त्याच वेळी 'बुलेट जंप' ही झेप सर्व पात्रांना रीतसर बहाल केली. क्लृप्ती गेली, तिच्यातील आनंद राहिला. विद्यार्थ्यांच्या परिचयाच्या 'पबजी'च्या संगणकावरील आवृत्तीतही असेच घडले. खिडकीतून बाहेर पडण्यासाठी उडी आणि वाकणे या दोन कळा अचूक एकाच वेळी दाबाव्या लागत. डिसेंबर २०१७ मध्ये पूर्ण आवृत्तीबरोबर अडथळ्यावर चढून तो ओलांडण्याची साधी सोय आली आणि बोटांची ती कसरत अनावश्यक झाली.

अर्थात यातही कोणीतरी गमावते. ज्याने ती कसरत महिनोन्महिने घोटून साध्य केली त्याचे वेगळेपण एका रात्रीत सर्वांना फुकट वाटले जाते. लघुलेखनात प्रावीण्य मिळविलेल्यांच्या वाट्याला काय आले हे आठवले तर या भावनेची थट्टा करावीशी वाटणार नाही.

अधिकाराचा प्रश्न

आता या विषयाला कायद्याचे अंग जोडले गेले आहे. डिसेंबर २०२२ मध्ये केंद्र शासनाने ई-स्पोर्ट्सचा विषय युवा व्यवहार व क्रीडा मंत्रालयाकडे सोपविला. २०२३ मध्ये हांगझो येथे झालेल्या आशियाई क्रीडा स्पर्धेत ई-स्पोर्ट्सला पदके देण्यात आली. ऑगस्ट २०२५ मध्ये संसदेने संमत केलेल्या ऑनलाइन गेमिंगविषयक कायद्याने पैशाच्या खेळांवर बंदी घालताना ई-स्पोर्ट्सला मात्र वैध स्पर्धात्मक क्रीडाप्रकार म्हणून मान्यता दिली. म्हणजे कल्याणच्या एखाद्या चाळीतील मुलगा उद्या या खेळांचा खेळाडू म्हणून गणला जाऊ शकतो. पण ज्या अर्थाने कबड्डीचा खेळाडू हा खेळाडू असतो, त्या अर्थाने तो खेळाडू ठरतो काय?

कबड्डीचे नियम कोणा एका कंपनीच्या मालकीचे नाहीत. हुतूतूचे गावोगावचे प्रकार एकत्र करून ते घडत गेले. अखिल महाराष्ट्र शारीरिक शिक्षण मंडळासारख्या संस्थांनी ते लिहून काढले आणि पुढे संघटनांच्या बैठकांतून ते बदलले. या बैठकांत राजकारण असते, रुसवेफुगवे असतात, निर्णय वर्षानुवर्षे रेंगाळतात. तरी तेथे कोणालातरी उभे राहून 'हे आम्हांला मान्य नाही' असे म्हणता येते, आणि एखाद्या संघटनेने नियम बदलला तरी वाडीतल्या मैदानावर जुन्या नियमाने खेळायला कोणी रोखत नाही. आज्ञावलीत लिहिलेला नियम मात्र मोडताच येत नाही. तेथे पंचाच्या नजरेला स्थान नाही, विनवणीला नाही, 'आज एवढ्यापुरते चालू द्या' यालाही नाही. नियम आणि निसर्गनियम यांतील भेदच तेथे पुसला गेला आहे. फक्त हा निसर्ग परदेशातील एका कार्यालयात बसून बदलता येतो. निर्मात्याचा मालकीहक्क कोणी नाकारत नाही. परंतु शासनाने ज्याला क्रीडाप्रकार म्हटले आहे, त्यात रूढ झालेले कौशल्य रद्द करण्यापूर्वी खेळाडूंना पुरेशी पूर्वसूचना देणे, चालू स्पर्धेच्या मध्यावर असा बदल न करणे आणि जुनी आवृत्ती निदान खासगी खेळापुरती उपलब्ध ठेवणे, एवढ्या अपेक्षा अवास्तव म्हणता येणार नाहीत. क्रिकेटमधील सशाच्या उडीबाबत घटना आणि दुरुस्ती यांमध्ये दोन वर्षांहून अधिक काळ गेला, दरम्यान त्यावर जाहीर वाद झाला. ही दिरंगाई नव्हती.

या संदर्भात ठाणे-डोंबिवलीच्या चाळींतून आणि गृहसंकुलांतून खेळल्या जाणाऱ्या क्रिकेटकडे पाहणे उद्बोधक ठरते. जागा अरुंद, खिडक्यांना काचा, तळमजल्यावर चिडणारे आजोबा. या परिस्थितीतून 'वन टप वन हँड' आउट, गच्चीवर गेला तर आउट, ज्याने मारला त्याने आणायचा, असे नियम सिद्ध झाले. येथेही अनभिप्रेत क्लृप्त्या निघतातच. उभ्या केलेल्या स्कूटरखाली चेंडू सरकवला की क्षेत्ररक्षकाला तो काढता येत नाही आणि फलंदाज पळत सुटतो, हे कोणाच्यातरी ध्यानात येते. दोन-तीन दिवस तो मुलगा खोऱ्याने धावा काढतो. मग भांडण होते, बॅटच्या मालकाचे मत थोडे जास्त धरले जाते, आणि ठरते : स्कूटरखाली गेला की 'टू डी', दोन धावा जाहीर, पळायचे नाही. क्लृप्ती नष्ट होत नाही, तिची किंमत ठरविली जाते. आणि ती ठरविणाऱ्यांत, ज्याने ती शोधली तो मुलगाही असतो. 'वॉरफ्रेम'च्या निर्मात्यांनी जे केले ते याहून फारसे वेगळे नव्हते, फक्त भांडणाची सोय तेथे कमी होती.

गेल्या काही वर्षांत या परिसरात भाड्याने मिळणाऱ्या जाळीबंद टर्फचे पेव फुटले आहे. चाळीतला तोच खेळ तेथे तासाचे पैसे मोजून रात्री उशिरापर्यंत, दिव्यांच्या उजेडात चालतो. सीमारेषेच्या जागी चारही बाजूंनी जाळी असल्यामुळे नेसरच्या झेलाचा प्रश्न तेथे उद्भवत नाही. दुसरे प्रश्न उद्भवतात : जाळीला लागून आलेला चेंडू झेलला तर बाद धरायचे का, वरच्या जाळीला लागला तर धावा किती. टर्फच्या मालकाने फलकावर नियम लिहून ठेवलेले असतात. तरीही नाणेफेकीपूर्वी दोन्ही कर्णधार जाळीकडे बोट दाखवत पाच मिनिटे बोलतात, आणि फलकावर काय लिहिले आहे ते बहुधा कोणी वाचत नाही.